बसणार कोण कोण?

पाटेवाले उत्तमराव गाडीकडे आधी बघायचेच नाहीत. गाडी शेडसमोर येऊन थांबली की हातातला घण खाली न ठेवताच विचारायचे, "बसणार कोण कोण?"

ट्रकवाल्यांना विचारायचे, "भरणार काय?" आमच्या जालन्यात त्याचं उत्तर ठरलेलं: सळई. मग मान हलवून कामाला लागायचे. पण लहान गाडी आली की त्यांना माणसं लागायची. कोण पुढं बसतं, कोण मागं, कोणाला खिडकी लागते, कोण लवंडून जातं. सोयरीक जमवायला आल्यासारखी चौकशी! पहिल्यांदा येणारा माणूस हमखास वैतागायचा. मी तर फारच वैतागले, कारण एक तर मी मूळची फटकळ, आणि त्यात तो एप्रिलचा महिना.

माझी गाडी म्हणजे वडिलांची जुनी अँबॅसिडर. वडील गेल्यावर भाऊ म्हणाला, भंगारात दे. मी हट्टानं ठेवली. सरकारी कचेरीत नोकरी करणारी एकटी बाई आणि दारात ही एवढी थोरली पांढरी गाडी, लोक हसायचे. हसेनात का. वर मी तिला रुंद टायर बसवून घेतले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, रुबाबदार दिसंल." दिसलीही. फक्त मागच्या सीटवर माणसं बसली की टायर वरच्या मडगार्डला घासायचे. खर्रर्र आवाज, आणि मागोमाग जळक्या रबराचा वास. एक मेकॅनिक म्हणाला, मडगार्ड कापू. दुसरा म्हणाला, खाली लाकडाचा ठोकळा देऊ. माझ्या बापाच्या गाडीला लाकडाचा ठोकळा! त्याच्याशी मी आजतागायत बोललेले नाही. तिसऱ्यानं मात्र शहाणपणा केला आणि उत्तमरावांकडे पाठवलं.

एमआयडीसीच्या रस्त्याला, लिंबाखाली पत्र्याचं शेड. शेडमध्ये एक उंच, वाळका म्हातारा. पायजमा गुडघ्यापर्यंत काळा, हात कोपरापर्यंत काळे, आणि डोक्यावरची टोपी मात्र पांढरीशुभ्र. घणाच्या आवाजानं डावा कान गेलेला, त्यामुळे बोलणाऱ्याकडे उजवा कान करून उभे राहायचे. वाटायचं, आपण फार महत्त्वाचं काही सांगतोय.

"बसणार कोण कोण?"

"मी एकटी."

"एकट्या बाईनं टायर घासत न्हाई, ताई."

"म्हणजे? मी काय खोटं बोलते का?"

"तसं कुठं म्हणलो? गाडी सांगून राह्यली." त्यांनी मडगार्डच्या आतून बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट मला दाखवलं. "चार तरी माणसं हायेत. त्यातली एक उजव्या बाजूला, चांगली वजनदार."

रोज कचेरीत जाताना माझ्याबरोबर चार मैत्रिणी असायच्या, आणि उजव्या खिडकीची जागा आमच्या हेडक्लार्क बाईंची. उत्तमराव म्हणाले, "रविवारी घेऊन या सगळ्यांना. डबे-पिशव्यांसकट."

आणि खरंच, एका रविवारी सकाळी आम्ही पाच जणी त्या शेडमध्ये गाडीत बसलो. रस्त्यावरचे ट्रकवाले थांबून बघायला लागले. हेडक्लार्क बाईंनी आपण होऊन वजन सांगितलं, साठ. उत्तमराव अदबीनं म्हणाले, "वजन सांगू नका, बाई. बसा फक्त." मग ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं आडवी घालून मोजायला लागले. "दोन बोटं. आता हसा."

"का?"

"बाया गाडीत गप बसत्यात का? हसा."

यावर आम्हाला असं हसू फुटलं की गाडी गदगदा हलली, आणि चाकापाशी स्पष्ट आवाज आला, खर्र. उत्तमराव उठले. "झालं. कळलं."

पाटे म्हणजे गाडीच्या मागच्या बाजूला, चाकांच्या आत, एकावर एक ठेवून आवळलेल्या पोलादी पट्ट्या. धनुष्यासारख्या वाकवलेल्या. मागचं सगळं ओझं त्यांच्यावर. वर्षानुवर्षं ओझं वाहून त्या सपाट होतात, गाडी मागून बसते, आणि टायर वर टेकतो. मग त्या सोडवून, ठोकून, परत बाक द्यायचा, म्हणजे गाडी उचलली जाते. ऐकायला सोपं आहे. पण बाक किती द्यायचा, कुठल्या पट्टीला द्यायचा, हे सगळं उत्तमरावांच्या बोटांत होतं. सगळ्यात लांब पाट्याला ते थोरला म्हणायचे, मग मधले, आणि खालचा आखूड तो धाकटा. "थोरल्यानं लवावं, धाकट्यानं ताठ राहावं," असं मला सांगायचे आणि वर विचारायचे, "तुमच्या घरी बी असंच का?" आमच्या घरी नेमकं असंच होतं, पण मी ते कशाला सांगू?

त्यांचं गणित एकच. सगळी माणसं बसल्यावर तीन बोटं जागा राहिली पाहिजे. दोनवर आली की घासणार, पाचवर गेली की गाडी दगडासारखी उडणार. "उचलायला काय लागतं? एक पाटा जादा घातला की उचलली. पण मंग बसणाऱ्याची हाडं मोकळी व्हतात. गाडी उचलायची, पण माणसाला कळलं न्हाई पाहिजे." आमची गाडी त्यांनी अशी उचलली की हेडक्लार्क बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काय गं, रस्ता नवीन केला का?"

एकदा माझ्यासमोर एक तरणाबांड गडी जीप घेऊन आला. गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल. "काका, मागून एक फूट उचला. भारी दिसली पाहिजे."

"बसणार कोण कोण?"

"कोण न्हाई. फोटो काढायचाय."

"मंग फोटोवाल्याकडं जा," उत्तमराव म्हणाले आणि घण उचलला. तो बिचारा बराच वेळ उभा राहिला. शेवटी म्हणाला, "आई बसती कधीमधी." लगेच घण खाली. "आईला आण." पुढच्या आठवड्यात तो खरंच आईला घेऊन आला. जीप बोटभरच उचलली गेली, पण माउलीला चढता यावं म्हणून उत्तमरावांनी एक पायरी जोडून दिली, आणि तो गॉगलवाला पोरगा निमूटपणे घेऊन गेला.

ते मूळचे जाफराबादकडच्या टेंभुर्णीचे. घरची शेती मुलाकडे, आणि हे दोघं नवरा-बायको जालन्यातच, मस्तगडला दोन खोल्यांत. कौसाबाई एवढीशी बाई, पण तोंड मला मागं टाकील असं. मी चहाला गेले की म्हणायची, "या साहेबीणबाई. आमच्या मालकांनी तुम्हाला बी मोजलं का बोटानं?" उत्तमराव भिंतीकडे तोंड करून हसायचे. डावा कान तिच्याकडे असायचा, तरी त्यांना बरोबर ऐकू यायचं.

मग ती न्हाणीत पडली. पाठीचा मणका चेपला. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत, ऑपरेशन या वयात नको, पडून राहू दे. ती पडून राहिली. एक वर्ष. कूस बदलायची तरी जीव जायचा. रात्रंदिवस झोप नाही. शेजारच्या अक्का रोज दोन वेळा येऊन तिला हळूच उचलायच्या, पुसायच्या, कुशीवर करायच्या. तिचं तोंड मात्र शाबूत होतं, आणि त्या तोंडातून आता एकच गोष्ट यायची, "मला टेंभुर्णीला न्या. मला हितं मरायचं न्हाई."

डॉक्टरांनी परवानगी दिली. म्हणाले, न्या, पण दणका बसता कामा नये. उत्तमरावांनी भाड्यानं एक मोठी गाडी ठरवली, आत झोपवायची सोय असलेली. ती गाडी शहराबाहेरसुद्धा पडली नाही. पहिल्या गतिरोधकाला कौसाबाईनं पदर दातात धरला. दुसऱ्याला ती अशी ओरडली की ड्रायव्हरनं आपण होऊन गाडी मागं वळवली.

त्यानंतर शेड दोन दिवस बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव माझ्या फाटकाबाहेर उभे. टोपी हातात. मी कचेरीला निघाले होते.

"ताई, गाडी मागायची व्हती."

"मागायची काय त्यात? चावी घेऊन जा!"

"चावी न्हाई. खोलावी लागंल. पाटे बदलावे लागतील. मंग ती तुमच्या कामाची राहणार न्हाई. चार बाया बसल्या की परत घासंल." मग एकदम म्हणाले, "दहा-दहा टनाचे ट्रक उचलले मी. चाळीस किलोची बाई उचलता येईना, ताई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं की मी ओरडते. "मग उभे काय राहिलात? बसा गाडीत!" मी त्यांना शेडपर्यंत नेलं, किल्ली त्यांच्या खिशात कोंबली आणि रिक्षानं कचेरीत गेले.

अडचण काय होती ते त्यांनी मला पुढं समजावून सांगितलं. पाटे नरम केले की गाडी बसते, आणि बसली की टायर घासतो, आणि घासला की झटका. उचलायला पाटे ताठ केले, तर प्रत्येक खड्डा थेट तिच्या मणक्यात. मी म्हटलं, "हे मेले रुंद टायर काढून टाकते, अरुंद घालू, म्हणजे घासायचा प्रश्नच नाही." ते घाईनं म्हणाले, "न्हाई न्हाई, तेच तर पाहिजेत. हवा थोडी कमी ठेवली की ते खड्डा गिळत्यात." म्हणजे टायर रुंदच हवे, गाडी उचललेलीही हवी, आणि पाटे लोण्यासारखे हवेत.

आठ दिवस ते त्यावर होते. ट्रकवाले येऊन परत जायचे. त्यांनी खालचे जाड पाटे काढले, कुठल्यातरी मोडीतून पातळ पाटे शोधून आणले, एकेकाला घासून गुळगुळीत केलं आणि थोरल्याला इतका बाक दिला की मला वाटलं, आता मोडणार. मग मध्ये ग्रीस भरून ते सगळं आवळलं. मागच्या सीटवर स्वतः आडवे झाले आणि मला म्हणाले, "चला."

मी जालन्यातले सगळे गतिरोधक शोधून काढले. ते डोळे मिटून पडलेले. प्रत्येक ठिकाणी मागून आवाज यायचा. "दुखलं." "न्हाई दुखलं." "दुखलं." परत शेड, परत खोलणं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण साठ किलोचे, आणि हलकं माणूस जास्त उडतं. मग चाळीस किलो ज्वारीचं पोतं आलं. ते त्यांनी गोधडीत गुंडाळून सीटवर निजवलं, स्वतः कोपऱ्यात बसून त्याला टेकू दिला, आणि आम्ही परत निघालो. चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारलं, "काका, पोतं फिरवून राह्यले का?" उत्तमरावांचा एक हात त्या पोत्यावर होता.

नवव्या दिवशी त्यांनी बोटं घातली. तीन. "उद्या नेऊ," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी मस्तगडला गाडी लावली. सून मंगल टेंभुर्णीहून आली होती. बेत असा: मागं कौसाबाई आडवी, तिला टेकू द्यायला कोपऱ्यात उत्तमराव. पुढं मी आणि मंगल. डिकीत एक ट्रंक.

गल्लीतल्या सहा जणांनी चादरीसकट उचलून तिला बाहेर आणलं. गाडीपाशी आल्यावर ती म्हणाली, "अक्का बसंल माझ्यापाशी."

उत्तमराव म्हणाले, "मी हाय ना."

"तुम्हाला धरता येत न्हाई," ती म्हणाली. रागानं नाही, नेहमीच्या आवाजात. "तुम्ही धरलं की दुखतं. अक्काला येतं."

अक्का तयारच होत्या, हातात पिशवी घेऊन. त्या येणार हे बायकांचं आधीच ठरलं होतं. वर्षभर जिनं केलं ती घरापर्यंत पोचवायला येणार नाही तर काय? आणि अक्का म्हणजे आमच्या हेडक्लार्क बाईंच्या दीडपट.

उत्तमराव तसेच उभे. इतकी वर्षं दारात आलेल्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं होतं, बसणार कोण कोण. स्वतःच्या बायकोला मात्र विचारलं नव्हतं. मी समोर बघत राहिले. त्या माणसाचं तोंड मला बघवेना.

अक्का मागं बसल्या. कौसाबाईला त्यांच्या अंगावर अलगद टेकवलं. तिनं श्वास सोडला. "हां. असं." मग मंगल आणि उत्तमराव दोघंही पुढं माझ्या शेजारी बसले, जागा होती म्हणून. पण उत्तमराव लगेच उतरले आणि बोटं घालून बघितलं, मंगलला हलायचं नाही असं बजावून. माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "मी न्हाई तरी दोनच बोटं."

त्यांनी ट्रंक काढली. परत बघितलं. स्टेपनी काढली. मी म्हटलं, "अहो, वाटेत पंक्चर झालं तर?" ते म्हणाले, "कालच चारी टायर बघितलेत." डिकीतला जॅक काढला, पाण्याचा कॅन काढला. परत उकिडवे. उठले. "तीन हायेत. कसेबसे. पण माझ्याबिगर." पुढं माणूस बसलं तरी त्याचं निम्मं ओझं मागं जातं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मंगल म्हणाली, "मामा, मी उतरते."

"नको. तिला पाणी लागंल, काही लागंल. बाईमाणूस पाहिजे." त्यांनी दार हळू लावलं, अगदी हळू, आवाज न करता. मग मागच्या काचेशी वाकले. "मी येतो मागनं. बसनं."

"तुम्ही न्हाई येत?" कौसाबाई म्हणाली. आता तिचा आवाज बदलला.

"येतो ना. तू हो पुढं."

मी गाडी सुरू केली तेव्हा ते ट्रंकेवर बसलेले होते, बाजूला स्टेपनी, आणि सगळी गल्ली त्यांच्याभोवती. मला इतका संताप आला होता! कोणाचा ते कळेना. अक्कांचा नव्हे, कौसाबाईचा तर नव्हेच.

शहराबाहेर पडेपर्यंत माझा जीव मुठीत. त्याच दोन गतिरोधकांवरून गाडी न्यायची होती. पहिल्यावर चढवली, उतरवली. मागून काही नाही. दुसऱ्यावरून गेले. काही नाही. मंगलनं माझा दंड घट्ट धरला होता, तो सोडला. जाफराबादच्या रस्त्याला लागलो. तिथले खड्डे काय सांगू? पण गाडी खाली जायची आणि वर यायची, एवढंच. खर्र नाही, दणका नाही. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की मागून आवाजच येत नाहीये. कौसाबाई इतका वेळ गप्प? मी आरशात बघितलं. अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

कौसाबाई झोपली होती. तोंड उघडं, आणि बारीक घोरणं.

टेंभुर्णीला त्यांच्या दारात बाभळीच्या सावलीत मी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. ती जागी झाली नाही. मुलगा धावत आला, त्याला मंगलनं हातानंच थांबवलं. माणसं जमली, बाया जमल्या, आणि सगळ्यांना खुणेनं सांगितलं गेलं. एका वर्षानंतर झोप लागली होती, कोण उठवणार? अक्कांचा हात अवघडला होता, पण त्या हलल्या नाहीत. मी उतरून जरा लांब उभी राहिले. वीस-पंचवीस माणसं त्या बंद गाडीभोवती उभी होती आणि कोणी बोलत नव्हतं.

दीडेक तासानं बस आली असावी, कारण उत्तमराव वळणावर दिसले. डोक्यावर ट्रंक, हातानं स्टेपनी ढकलत. त्यांनी गाडी बघितली. भोवतीची गप्प माणसं बघितली. स्टेपनी त्यांच्या हातून सुटली, घरंगळत गटारात गेली. ट्रंक त्यांनी खाली ठेवली आणि तिथंच उभे राहिले. पुढं पाऊल टाकेनात.

मला उशिरा कळलं ते काय समजले. मी पळतच गेले.

उजवा कान माझ्याकडे करून त्यांनी विचारलं, "कुठं गेली? वाटंतच?"

"अहो, झोपलीय!" मी जवळजवळ ओरडले. "झोपलीय ती! दुसऱ्या गतिरोधकापासून झोपलीय, घोरतेय, जाऊन ऐका!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग माणसांतून वाट काढत गाडीपाशी गेले, काचेला उजवा कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. नंतर ते मागच्या चाकाला पाठ टेकवून खाली मातीत बसले, ती पांढरी टोपी तोंडावर धरली आणि रडले. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. मुलगा जवळ यायला लागला, तर त्यांनी टोपी न काढताच हात वर करून त्याला थोपवलं.

"कोणी टेकू नका रे गाडीला," ते म्हणाले. "हलंल."